बोल्ट त्यांचा, डेंट माझा

६ ऑगस्ट, मंगळवार
गाडीचं रुटीन सर्व्हिसिंग. मेहकरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच केलं. गावातले लोक कुठंही लिंबाखाली बॉनेट उघडून बसतात. आपण तसं करत नाही. निवृत्त विस्तार अधिकारी आहोत, दुसरबीडच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आहोत. काही स्टँडर्ड ठेवावं लागतं.
काउंटरवर करिष्मा नावाची मुलगी. अतिशय नम्र. निघताना म्हणाली, सर फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा द्याल. म्हटलं, काम पाहून देऊ. गप्प झाली. थोडा धाक असावा.
परत येताना लक्षात आलं, पायाखालचे मॅट आपले नाहीत. कुणाचे तरी लाल. सीटही कोणी तरी पुढं ओढून ठेवलेली, गुडघे स्टेअरिंगला लागत होते. म्हणे ट्रेनिंग झालेला स्टाफ!

संध्याकाळी
अंगणात गाडी रिव्हर्स घेताना गुरांच्या हौदाला मागून लागली. किरकोळ. मागच्या दाराला ताटलीएवढा डेंट. सीट पुढं होती म्हणून आरशात नीट दिसलं नाही. म्हणजे मूळ कारण सर्व्हिस सेंटरच. ही माहेरी मोताळ्याला गेली आहे, ते बरं आहे. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी लपवण्यासारखं काही नाही.

७ ऑगस्ट, बुधवार
भयंकर प्रकार. बिबी गावाच्या अलीकडं गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला. उतरून पाहतो तर खाली काळं तळं. करिष्माला फोन लावला आणि असं झापलं, असं झापलं! इंजिन जॅम झालं असतं तर? ग्राहक मंचात खेचीन म्हणालो. ती सारखी म्हणत राहिली, सर तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
पिकअप घेऊन तौसिफ आला. आपल्याच गावच्या शकूरभाईचा मुलगा. शकूरचं बसस्टँडजवळ गाद्यांचं दुकान आहे. तौसिफ मेहकरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाड्या धुतो, टेस्ट ड्राइव्ह घेतो. गाडीखाली शिरला आणि म्हणाला, काका, चेंबरचा बोल्ट ढिलाच राह्यला. ऑइल बदललं अन् बोल्ट आवळलाच नाही कोनं. दोर बांधायला मागं गेला तर थांबला. म्हणाला, काका, हे मांगं काय झालं?
मी रागात होतो. ऑइलच्या. त्याच्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. तोच खाली मान घालून दोर बांधायला लागला.
मी एक शब्दही बोललो नाही. याची नोंद असावी.

८ ऑगस्ट, गुरुवार
सर्व्हिस मॅनेजर कुलदीपचा फोन. आवाज कापत होता. बोल्टबद्दल माफी मागितली. नवीन ऑइल, इंजिन चेकअप, सगळं फ्री. मग आपणहून म्हणाला, सर डेंटचंही लक्षात आलं, टेस्ट ड्राइव्हमध्ये आमच्या पोरानं ठोकली असणार, डेंटिंग-पेंटिंग करून देतो.
मी म्हणालो, बरं.
'बरं' म्हणजे हो नाही. 'बरं' म्हणजे ऐकलं.
उद्या फोन करून सांगू.

९ ऑगस्ट, शुक्रवार
फोन केला नाही. तटस्थपणे विचार केला. त्यांच्या बोल्टमुळं माझं इंजिन जाणार होतं. गेलं नाही, पण जाणार होतं. त्यामानानं डेंट काय? समितीसमोर अशी केस आली असती तर मीच म्हणालो असतो, दोघांनी मिटवून घ्या. हे मिटवणंच आहे.
जेवण गेलं नाही. ही नसली की स्वयंपाक बिघडतो.

१० ऑगस्ट, शनिवार
एस.टी.नं मेहकरला जाऊन गाडी आणली. मागचं दार नवरीसारखं दिसतं. कुलदीपनं गाडीत लावायचा सेंट दिला, चावी देतानाचा फोटो काढला.
सहज विचारलं, तौसिफ दिसत नाही. कुलदीप म्हणाला, त्याले घरी बसवलं सर. डेंट त्याचाच, बोल्टही त्याच्यावरच टाकला. जो ठोकून सांगत नाही, तो बोल्ट आवळत असंल काय?
त्याच क्षणी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण करिष्मा म्हणाली, सर स्माइल.
गावाच्या वाटेवर फीडबॅकचा फोन आला. दहा दिले. का दिले कळत नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार
ही आली. बॅग ठेवायच्या आधी गाडीभोवती फिरली. म्हणाली, हे मांगचं दार बाकी गाडीपरीस जास्त चमकते काऊन? म्हटलं, पॉलिश. यात खोटं काही नाही. पेंटनंतर पॉलिश करतातच.
दुपारी हौदाला चुना मारून घेतला. पोळा जवळ आला आहे. ही म्हणाली, पोळ्याले अजून किती दिवस आहेत, अन् चुना एकाच बाजूले काऊन? मग उरलेल्या तीन बाजूही मारल्या. कंबर धरली.

१५ ऑगस्ट, गुरुवार
शाळेत झेंडावंदन. मुख्याध्यापिका विमलबाईंनी ऐनवेळी विषय दिला, प्रामाणिकपणा. दुसरा विषय देता आला असता. स्वच्छता आहे, वृक्षारोपण आहे.
पण बोललो. फार चांगलं बोललो. स्वतःच्या आवाजानं अंगावर काटा आला. पुढच्या रांगेत शकूर बसला होता. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच्या.
नंतर हात जोडून आला. म्हणाला, साहेब, तुमच्या समितीसमोर घरचं भांडण आणू काय? पोरगं म्हणते म्या डेंट केलाच नाही, बोल्टले हातही लावला नाही. मी त्याले म्हटलं, मंग पंजाबराव साहेब खोटे हायेत काय बे?
मी म्हणालो, शकूरभाई, मी तर काही बोललोच नाही.
शकूर म्हणाला, तेच तर साहेब. दुसऱ्यानं पोट्ट्याच्या कानाखाली वाजवली असती. तुमी नुसतं पाह्यलं.
जिलेबी हातात तशीच राहिली. मुंग्या लागल्या.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
ठरलं. उद्या मेहकर. कुलदीपसमोर स्पष्ट सांगायचं. दोन वाक्यं. 'डेंट माझ्याकडून झाला. तौसिफचा दोष नाही.' गोठ्यात बैलांसमोर म्हणून पाहिली. स्वच्छ निघतात.
मन हलकं झालं. म्हणजे अर्धं प्रायश्चित्त झाल्यासारखंच आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार
गेलो. केबिनमध्ये बसलो. म्हणालो, कुलदीप, त्या डेंटबद्दल बोलायचं होतं. तो पांढराफटक. म्हणाला, पेंट निघाला काय सर? आणि पळतच बाहेर गेला. मागून करिष्मा. दोघं दारावर बोटं फिरवत, वाकून, बाजूनं बघत होते. करिष्मा रडवेली. म्हणाली, सर तुम्ही पुन्हा ग्राहक मंच म्हणू नका, माझी नोकरी नवीन आहे.
अशा लोकांना आणखी धक्का देणं मला बरं वाटलं नाही.
मग म्हणालो, तौसिफला कामावर परत घ्या. एवढंच सांगायला आलो. कुलदीप म्हणाला, घेतो सर, पण वरचे लोक इचारतीन. त्यानं तुमची माफी मागावी, तुमी फोनवर 'समाधान झालं' म्हणावं, की झालं.
हो म्हणून आलो. पोराची नोकरी महत्त्वाची. कोणाच्या चुकीनं गेली हा दुय्यम मुद्दा.

१८ ऑगस्ट, रविवार
आजचं लिहू नये असं वाटतं. पण सवय आहे.
शकूर तौसिफला घेऊन आला. त्याच्या मानेवर हात ठेवून, वासरू आणावं तसा. मी खुर्चीत. ते दोघं उभे. बसा म्हटलं तर शकूर म्हणाला, आधी बोलू द्या त्याले.
तौसिफनं माझ्याकडं पाहिलं. मी त्या दिवशी बिबीला त्याच्याकडं पाहिलं होतं, तेवढाच वेळ. मग म्हणाला, काका, चूक झाली.
शकूर म्हणाला, कोनाची झाली ते बोल बे.
तौसिफ म्हणाला, माही.
आता सांगायचं, आता, असं मनात दहादा म्हटलं. आणि तोंडातून निघालं, माफ केलं.
माझ्याच तोंडातून. मोठ्या आवाजात. समितीत म्हणतो तसं.
शकूरचे डोळे भरले. हिनं चहा आणला. तौसिफनं कप हातात घेतला आणि तसाच ओट्यावर ठेवून दिला. ते गेल्यावर ही म्हणाली, पोराचा चेहरा चोरासारखा नव्हता हो. मी म्हणालो, आजकालची मुलं. मग उठून गाडी पुसायला लागलो. पुसलेलीच होती.

२१ ऑगस्ट, बुधवार
तौसिफ कामावर रुजू. कुलदीपचा फोन आला. 'समाधान झालं' म्हणालो. प्रकरण बंद. सगळ्यांचं भलं झालं. गाडी चालू, नोकरी चालू, गावात शांतता.
ॲसिडिटी फार आहे. मेहकरच्या डॉक्टरला दाखवायला हवं, पण मेहकरला जावंसं वाटत नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार
ही गिरणीवर गेली होती. तिथं शकूरची बायको नसीमा भेटली. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. तौसिफनं मेहकरला खोली घेतली, घरी जेवायलाही येत नाही. शकूर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, माह्या पोरानं मले खाली पाहायले लावलं. नसीमा ओढणीत तोंड घालून रडली म्हणे. हिला म्हणाली, पंजाबराव भाऊ अध्यक्ष हायेत, दोघाईले समजावतीन काय?
ही म्हणाली, जा ना, तुमचं शकूर ऐकते.
हो. शकूर माझं ऐकतो.
उद्या. आणि हे 'उद्या' खरं आहे.

२५ ऑगस्ट, रविवार
गेलो. खरंच गेलो. वाटेत पान खायला थांबलो, तेवढंच.
दुकानात शकूर कापूस भरत होता. दोन गिऱ्हाइकं बसलेली. सगळ्यांसमोरच सांगायचं ठरवलं, म्हणजे मागं फिरता येणार नाही. म्हणालो, शकूरभाई, तो डेंट माझ्याकडून झाला. माझ्या अंगणात, माझ्या हौदाला. तौसिफनं काही केलं नाही. मी गप्प राहिलो. तुमचं पोरगं खरं बोलत होतं, मी माफी मागायला आलो.
एका दमात. एकही शब्द गिळला नाही.
शकूरनं हातातला कापूस खाली ठेवला. मग उठून माझे दोन्ही हात धरले आणि गिऱ्हाइकांना म्हणाला, पाह्यलं? बापलेकाचं तोंड एक व्हावं म्हणून हा माणूस सोताच्या अंगावर घेऊन राह्यला.
मी म्हणालो, अहो, खरं सांगतो. शकूर म्हणाला, हाव साहेब, हाव. मी म्हणालो, शपथेवर सांगतो. शकूर म्हणाला, शपथ नका घेऊ, माह्या पोरासाठी तुमाले पाप लागंल. एक गिऱ्हाईक माझ्या पाया पडलं.
पुरावा दाखवणार तरी काय? डेंट सर्व्हिस सेंटरनं काढून दिला. हौद मी रंगवला.
शकूरनं जबरदस्तीनं एक लोड दिला. घेऊन आलो.

२६ ऑगस्ट, सोमवार
सकाळी तौसिफचा फोन. पहिल्यांदाच. म्हणाला, काका, तुमी अब्बाले सांगितलं म्हणे. म्हटलं, हो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, अब्बानं मले फोन केला. म्हणे पाह्य, तुह्यापायी साहेब खोटंही बोलले, अन् तू अजून कबूल करत नाहीस. काका, आता म्या काय करू?
म्हणालो, पाहतो मी.
तो म्हणाला, नका पाहू काका. आणि ठेवला.

दुपारी
हिला सांगितलं. हौद, बिबी, 'बरं', फोटो, बैल, सगळं. वाटलं होतं, ही तरी म्हणेल, तुमी असं करूच शकत नाही. बऱ्याच तयारीनं बसलो होतो पटवायला.
हिनं लगेच विश्वास ठेवला. एक प्रश्न विचारला नाही. परात बाजूला सारली, हात धुतले, चपला घातल्या. म्हणाली, तुमी घरीच बसा, नसीमाले मी सांगतो.
संध्याकाळी परत आली. म्हणाली, नसीमाचाही लगेच विश्वास बसला. तिनं तौसिफला फोन लावून रडून माफी मागितली, तो उद्या जेवायला येणार आहे. शकूर मात्र ऐकून घेत नाही. म्हणतो, साहेबांनी वहिनीलेही शिकवून पाठवलं.
एवढं सांगून ही पोळ्या करायला गेली. मला वाढलं. शेजारी बसली नाही.
गावात आता माझ्यावर विश्वास ठेवणारा माणूस एकच उरला आहे. तो समोरून आला तर मी रस्ता बदलीन.