बिनव्हॅसलीनची तलवार

१९ ऑक्टोबर १९९६, हिल्सबरो

हरीशवर सूड उगवणार. उगवणार म्हणजे उगवणार!

मंडळाचा अध्यक्ष म्हणे! भर मीटिंगमध्ये म्हणाला, "नीलांबरीवहिनींना या देशात दात काढायची परवानगी नाही!" झालं, सगळ्यांनी दात काढले. माझ्या नवऱ्यानंसुद्धा! पुण्यात माझा स्वतःचा दातांचा दवाखाना होता. इथली परीक्षा पास होईपर्यंत दुसऱ्याच्या हातात चिमटे देते, त्याचा विनोद! स्वतः हॉस्पिटलात मोठा डॉक्टर ना.

२६ ऑक्टोबर

दिवाळीला आर्थर राजाचं नाटक. लेकीच्या, अनुयाच्या शाळेतली गोष्ट, मराठीत मी आणली. दगडात रुतलेली तलवार उपसेल तो राजा. मोठमोठे सरदार घामाघूम होतात आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला आर्थर ती सहज उपसतो.

आर्थर कोण? हरीश! ढेरीसकट!

तलवार मंडळातला शंतनू लोखंडी पट्टीची करतोय. दगड कोण करणार? मीच हात वर केला.

३ नोव्हेंबर

क्लिनिकमधून डेंटल स्टोनची, म्हणजे कालवल्यावर दगडासारखी घट्ट होणाऱ्या पुडीची, जुनी पिशवी मागून आणली. दातांचे ठसे आम्ही याचेच ओततो. सुटून यायला हवं असेल तर आधी व्हॅसलीन लावायचं. हे कुणी विसरत नाही.

मीही विसरले नाही. लावलं नाही!

शिवाय तलवारीच्या पात्याला कानशीनं खाचा पाडल्या. पातं बादलीत उभं धरून ओतलं बादलीभर. आता ओढ म्हणावं, राजा!

९ नोव्हेंबर

शंतनू म्हणाला, "एकदा काढून बघू या?"

"ओलं आहे अजून," म्हटलं. खोटं. केव्हाच वाळलंय. अनुयानं दगडावर टिचकी मारली — "आई, स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत एकदम झकास.

रिहर्सल कुंडीत खोचलेल्या काठीवरच झाली. हरीश सारखा माझ्याभोवती घुटमळत होता. "वहिनी, जरा बोलायचं होतं—" मी चहा टाकायला निघून गेले. आता कशाला गोड बोलतोय? सगळ्यांसमोर हसं केलंस, सगळ्यांसमोरच होऊ दे तुझं.

१६ नोव्हेंबर

प्रयोगात हरीश दगडापाशी आला. तलवारीला हातच लावला नाही. लोकांकडे वळला — "मागे मी वहिनींना फार लागेल असं बोललो. हा मान माझा नाही." मला विंगेतून ओढून आणलं, स्वतःचा मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला.

"डॉक्टर, काढा!"

टाळ्या, शिट्ट्या. मी मूठ धरली.

टाळ्या थांबल्या तरी ओढतच होते.