आबांच्या फॉर्मातला 'नाही'

भांडगाव, मंगळवार, मार्च २००४

आज पुण्याला डॉक्टरबाई आमचा फॉर्म वाचून हसल्या. "सुधारणा दिसतीय," म्हणाल्या. केडगावला गाडीतून उतरेपर्यंत तोच शब्द डोक्यात घोळत होता. सुधारणा कसली डोंबलाची!

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विसरण्याच्या आजारावरचं नवं औषध चालू आहे. त्यानं गुण येतो का, हेच अजून तपासतायत. घरी रोज काय होतं ते मी फॉर्मवर लिहायचं. 'कपडे ओले होतात का?' या रकान्यात मी तीन महिने 'नाही' लिहिलं. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, त्यांचं असलं परक्यांपुढं कसं मांडायचं?

पण माझ्या त्या 'नाही'वर विसंबून उद्या दुसरी कुणी सून हेच औषध आशेनं देत बसली तर?

हे शिफ्टला गेलेत, म्हणून संध्याकाळी आबांचं धोतर मीच बदललं. मान खाली घालूनच विचारलं, "आबा, फॉर्मात खरं लिहू का?"

"लिव्ह की पोरी. मला कुठं ध्यानात ऱ्हायचंय? लाज वाटली तर तुलाच वाटंल."

सकाळी डॉक्टरबाईंना फोन करून सगळं सांगणार. आजचा रकाना भरला. होय. दोनदा.