कोपऱ्यातला चौकोन

केडगाव,
ता. ९ जून २००२

प्रिय ब्लेसी,

तुला आजीचा सलाम. पत्र वाचायच्या आधीच तू पुडकं सोडलं असशील, मला ठाऊक हाय. लहानपणी नाताळची करंजीसुद्धा तू आधी आतनं पोखरायची. सोडलं तर सोडलं, पण पलंगपोस अजून गादीवर घालू नको, आन् त्याच्यासंगं जी बारकी पुरचुंडी हाय तिला हात लावू नको. आधी हे वाच. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं हाय, त्याला इलाज न्हाई. मी तिसरीपत्तुर शिकले, त्यातलीबी निम्मी पाळकबाईंची नजर चुकवून बाकाखाली क्रोशा विणण्यात गेली. तुझा भाऊ रॉबिन म्हणाला, आजी तू सांग, मी लिहितो. मी म्हणलं, नको बाबा, तू कंपनीतला माणूस, एका ओळीत उरकशील आन् खाली सही ठोकशील.

तू मागच्या पत्रात विचारलं, आई खरंच बरी हाय, का माझी शेवटची परीक्षा हाय म्हणून समदे मिळून मला फसवताय. बरोबर विचारलंस. वाण्याच्या फोनवर तुझी आई तुझ्याशी बोलती तवा मी शेजारीच उभी असते. उभं राहवत नसलं तरी म्हणती, मी मस्त, तू जेवलीस का. सुरेखाइतकं गोड खोटं आख्ख्या केडगावात कुणी बोलत न्हाई. तू मिरजेला नर्सिंग शिकतीस, तुला डॉक्टरचे कागद वाचता येतात, पण कागद काय आन् फोन काय, तुझा जीव त्यानं थाऱ्यावर यायचा न्हाई. म्हणून मीच लिहाय बसले. फक्त मला सरळ रस्त्यानं जाता येत न्हाई, तवा माझ्या मागनं हळूहळू ये.

ऑपरेशनला तू आलीस, छातीतली गाठ काढली, मग तू परत गेलीस. त्यानंतर तीन-तीन आठवड्यांनी पुण्याला जाऊन सहा इंजेक्शनं घ्यायची व्हती. हे तुला माहीत हाय. त्याच्या मधलं माहीत न्हाई, ते आता सांगते, कारण आता सांगायला हरकत न्हाई.

आमच्या शनिवारच्या क्रोशावाल्या तुला ठाऊकच हायत. चर्चच्या व्हरांड्यात आमच्या मांडीवरचे दोऱ्याचे गुंडे पळवून तू मोठी झालीस. माझी आई मिशनात क्रोशा शिकली, तिच्याकडनं मी, माझ्याकडनं तुझी आई. आपली पोरगी घराबाहेर पडली, सासरी जाऊ दे न्हाईतर शिकायला जाऊ दे, की समद्याजणी तिच्यासाठी चौकोन विणतात आन् तिची आई ते जोडून पलंगपोस करती. जोडायचं आईनंच. तुझा पलंगपोस असाच विणायला काढला व्हता, गाठ सापडायच्या आधी. आन् मग गाठ सापडली.

बायांनी काय केलं म्हणशील तर रडायला कुणी आलं न्हाई. झुंबरबाई पहिल्या दिवशी आली, दारातच म्हणाली, सुरेखा, पुण्याच्या गाडीत विणायला उजेड चांगला असतो, खिडकीशी मी बसणार. झालं, तेव्हापास्नं दर इंजेक्शनाला एक-दोन बाया संगं. सोजरबाई आपल्यात प्रार्थनेला येत न्हाई, ती विहारात जाती, पण दोऱ्याला समद्यांच्या आधी, आन् भाकरी बांधून आणायलाबी आधी. तिची शेंगदाण्याची चटणी तुझ्या आईला उलट्या व्हत असतानाबी चालायची. मी केलेली चालायची न्हाई. ते मी अजून विसरले न्हाई. हॉस्पिटलात बाकावर बसून ह्या दोघी विणायच्या, तर इंदापूरकडच्या, नगरकडच्या बाया नंबर सोडून बघायला यायच्या. एका म्हातारीचा नंबर खरंच गेला. झुंबरबाई तिला म्हणाली, बसा आता, हा खांबाचा टाका शिकल्याबिगर तुम्हाला आत सोडत न्हाई.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर तुझ्या आईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याबी गेल्या. म्हणायची, आत्याबाई, बोटं कापसाची झालीत, माझी हायत का दुसऱ्याची कळत न्हाई. तव्यावर हात टेकायचा आन् वास आल्यावर कळायचं. सुई हातातनं पडायची आन् ती रिकामी बोटं हलवत बसायची. ब्लेसी, तुझ्या आईचा हात म्हंजी काय व्हता ते तुला सांगायला नको. तिच्या विणीवर ज्वारीचा दाणा ठेवला तर खाली पडायचा न्हाई. माझा पडतो, सोजरबाईचा पडतो, एकट्या झुंबरबाईचा जेमतेम अडकतो, त्याचा तिला केवढा तोरा. आता तुझ्या आईनं दोन चौकोन विणले ते चाळणीसारखे. मोठे, सैल, कडा लोंबत्या. तिनं ते घडी घालून कपाटात टाकले आन् म्हणाली, चौथ्याला मी जाणार न्हाई.

डॉक्टर म्हणाले व्हते, औषध संपलं की बहुतेकांच्या बोटांत जीव परत येतो, वेळ लागतो, एखादीला थोडा बधिरपणा राहतोबी. तिनं शेवटचं तेवढंच ऐकलं. सत्यवान, तुझे पप्पा, दौंडला ड्युटीवर जायचे आन् येऊन तिच्या उशाशी बसायचे. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तिनं आमेन म्हणलं आन् परत तेच. मी ओरडले, मग पाया पडले. सासू सुनेच्या पाया पडली, हे तू कुणाला सांगू नको. ती म्हणाली, आत्याबाई, जीव वाचवायला हात द्यायचा, मग त्या जिवानं करायचं काय. आन् तारीख तर जवळ आली व्हती.

शनिवारी मी ते दोन चौकोन कपाटातनं काढून व्हरांड्यात नेले. समद्यांनी आपापले चौकोन काढून शेजारी मांडले. तिचे बाकीच्यांपेक्षा एकेक बोट मोठे. असे जोडले तर मधी पुरीसारखे फुगणार. कुणीतरी म्हणालं, हे दोन उसवून आपण गुपचूप परत विणू, तिला काय कळतंय. सोजरबाई म्हणाली, कळल्यावर ती परत सुई धरणार न्हाई. झुंबरबाईनं आपले चौकोन मोजल्यासारखे मांडीवर घेतले. पावसाळाभर विणलेले, दाणा अडकणारे. बराच वेळ त्यांच्यावरनं हात फिरवला आन् म्हणाली, तिचे उसवायचे न्हाईत, आपले उसवा. आन् पहिला दोरा तिनंच ओढला. असा सरसर आवाज मी जन्मात ऐकला न्हाई, समद्या व्हरांड्यात एकदम.

आता सैल विणायचं तर जाड सुई पायजे, ती केडगावात मिळंना, दौंडच्या बाजारात न्हाई. रॉबिन कारेगावच्या खोलीवरनं सुट्टीला आला व्हता, त्याला सांगितलं. त्यानं तिथल्याच रांजणगावला आपल्या कंपनीतल्या ग्राइंडरवर सळया घासून टोकाला आकडे काढून आणले. सुपरवायझरनं विचारलं, मासे धरायला चाललास का. तो म्हणाला, न्हाई साहेब, आईला धरायला. असला बोलतो तो. पण सुया झकास. त्या सुईनं विणताना झुंबरबाईचं तोंड बघायसारखं. म्हणायची, अगं बाई, हे असलं विणून मला बिनपदराची बाजारात आल्यासारखं वाटतंय. तरी दिवस उजाडल्यापास्नं विणायची.

चौथ्या इंजेक्शनाच्या आदल्या दुपारी समद्याजणी आपल्या घरी आल्या आन् तुझ्या आईच्या मांडीवर चौकोनांचा ढीग ओतला. झुंबरबाई म्हणाली, घे, तुझ्या दोनांच्या मापाला मिळतात का बघ, न्हाईतर म्हणशील आमच्यामुळं पलंगपोस बिघडला. तुझी आई एकेक उचलून बघाय लागली. बोटांना कळत न्हवतं, डोळ्यांना कळत व्हतं. झुंबरबाई चौकोन संपवताना दोऱ्याचं टोक डावीकडं दडवती, बाकी समद्या उजवीकडं. तसला एक तुझ्या आईच्या हाती आला. तिनं तो उजेडात धरला. आरपार समोरची चिंच दिसत व्हती. मग माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. म्हणाली, झुंबरमावशी, तुमचा हात सुटला का ओ. झुंबरबाई म्हणाली, वय झालं बाई, सुटायचा मक्ता काय तुला एकटीला दिलाय का. तुझ्या आईनं तो चौकोन तोंडावर धरला. खांदे हलाय लागले. मला वाटलं रडती, म्हणून मी उठले, तर ती हसत व्हती. हसता हसता रडली तेबी खरं. मग डोळे पुसून म्हणाली, मावशी, जाड सुई एखादी उरली असली तर द्या. सकाळी मी उठायच्या आधी तिनं पुण्याची पिशवी भरून दाराशी ठेवली व्हती.

उरलेली तिन्ही इंजेक्शनं झाली. शेवटचं नाताळच्या आधी. तू नाताळला आलीस तवा ती डोक्याला रुमाल बांधून स्टेशनवर उभी व्हती आन् तिनं तुझी पिशवी उचलली न्हाई, तुला वाटलं अशक्तपणा. अशक्तपणा न्हवता, पिशवीचा बंद हातात हाय का न्हाई हे तिला कळत न्हवतं. मधल्या काळात केस आले, कोकराच्या लोकरीसारखे कुरळे, मला लई आवडतात, तिला आवडत न्हाईत. पुण्याच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, चांगलं हाय, आता सहा महिन्यांनी या. आन् ती डोळ्यांनी बघून बघून तुझे चौकोन जोडत राहिली. एकेक ओळ दोनदा उसवायची. मी शेजारी बसून शेंगा निवडायचे.

मग ईस्टर झाल्यावर एका सकाळी स्वयंपाकघरातनं ती ओरडली. भांडं पडलं का काय म्हणून मी पळत गेले, माझ्या गुडघ्यांनी जेवढं पळता येतं तेवढं. तर ती बोट तोंडात घालून उभी. म्हणाली, आत्याबाई, चटका बसला. मी म्हणलं, पाण्यात घाल. ती म्हणाली, अहो, बसला म्हणते मी, चटका बसला. मग मला कळलं. दोघी चुलीपुढं उभ्या राहून येड्यासारख्या हसलो आन् भाकरी जळाली. त्या दिवशी तुझ्या पप्पांनी जळकी भाकरी खाल्ली आन् आणखी एक मागितली.

पलंगपोसाचा एकच चौकोन राहिला व्हता, कोपऱ्यातला. तो तिनं गेल्या पंधरवड्यात विणला, त्याच जाड सुईनं, बाकीच्यांसारखाच म्हणून. समद्याजणी घरी आल्या असताना जोडाय घेतला तर बसंना. लहान भरला. ओढून बसवला तर कोपरा आखडला. ती चिडली, म्हणाली, समदा बिघडवला मी, उसवते. सुई घातली तेवढ्यात झुंबरबाईनं तिचा हात धरला. पदराच्या गाठीतनं ज्वारीचा एक दाणा काढला, ही बाई अजून दाणे बाळगती बघ, आन् चौकोनावर ठेवून हलवला. परत हलवला. मग तुझ्या आईकडं बघत राहिली. सोजरबाईनं चहा टाकला. त्यानंतर झुंबरबाईनं जाड सुया गोळा करून रॉबिनला परत दिल्या आन् म्हणाली, ने बाबा, आता मासे धर.

म्हणून हे पत्र. पाळकसाहेब मिरजेला बैठकीला येतायत, त्यांच्या हाती पलंगपोस धाडलाय. पसरशील तवा एक कोपरा आखडलेला दिसंल. होस्टेलातल्या पोरी म्हणतील, हा चुकला. तू इस्त्री मारून सरळ करू नको आन् कुणाला उसवू देऊ नको. आईनं तुला फोनवर काय सांगितलं ते सोड, मी काय लिहिलं तेबी सोड. आता पुरचुंडी उघड. त्यात ज्वारीचे चार दाणे हायत. मधल्या कुठल्याबी चौकोनावर ठेव, खाली पडतील. मग कोपऱ्यातल्यावर ठेव आन् चांगला हलव. पडणार न्हाईत. बघून झालं की दाणे कोंबड्यांना टाक, मिरजेत कोंबड्या असतीलच, आन् अभ्यासाला बस.

तुझीच, चटणीत हरलेली,
आजी प्रेमाबाई