प्रेशर उतरलं तेव्हा

आये, परवा पालघरला माझ्या डॉक्टरीणबाईंनी प्रेशरची गोळी बदलली आणि सहज विचारलं, "आधीच्या गोळीने काही त्रास व्हायचा का? खोकला, पायांना सूज, मन उदास?" तुला हे कुणी विचारलं नव्हतं.

बोईसरच्या बाजारात तू सुके बोंबील विकायचीस, तेव्हा तुझा आवाज पार रस्त्यापलीकडे जायचा. भाव पाडायला आलेलं गिऱ्हाईक तुझं बोलणं ऐकून हसायचं आणि तू सांगशील त्या भावाने घेऊन जायचं. साठ सालानंतरची गोष्ट. डोक्यावरची पाटी उतरवताना तुला घेरी आली, म्हणून बाबांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, प्रेशर फार आहे म्हणाले आणि रोज घ्यायला एक बारीकशी गोळी दिली.

गोळी लागू पडली. दिवाळीपर्यंत प्रेशर उतरलं, आणि त्याच्याबरोबर तूही. नाक सदा चोंदलेलं, डोळे जड. ओट्यावर बसलीस की उठायची नाहीस. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील कावळे ओढून न्यायचे, तू समोर बसून बघायचीस. "कामाचा कंटाळा आलाय हिला, सोंगं करते," असं आत्या तुझ्या देखत म्हणायची, आणि तू, जी कुणाचं ऐकून घेत नव्हतीस, ती खाली मान घालायचीस.

पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा मी तुझ्याजवळच उभी होते. तू म्हणालीस, "डाक्टर, ही गोळी घेतल्यापासून जगावं असं वाटत नाय. उगाच रडू येते." त्यांनी पट्टा सोडला आणि बाबांना सांगितलं, "प्रेशर उत्तम आहे. या वयात बायकांना असं होतं. गोळी बंद करू नका." तुझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाबा मात्र वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आता बरी हाय ती."

मग एका सकाळी तू सगळ्या गोळ्या खाडीत टाकल्यास. मी विचारलं तर म्हणालीस, "मरेन तर मरेन. पन मेल्यासारखी नाय बसणार."

हळूहळू तू परत आलीस. त्या वर्षी होळीला नाचलीस, आत्याला चार शब्द सुनावलेस, बाजारात बसू लागलीस. आणि तिथेच एक दिवस बोलता बोलता तुझं तोंड वाकडं झालं. वाचा गेली ती गेलीच. थोड्याच दिवसांत तूही गेलीस. डॉक्टर म्हणाले, "सांगून ऐकत नाहीत या बायका." बाबा मरेपर्यंत तेच म्हणत राहिले, की तू हट्टाने गेलीस.

परवा मी डॉक्टरीणबाईंना तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर्पगंधेची गोळी असणार. प्रेशर उतरायचं, पण काहींना फार उदासी यायची. तेव्हाही हे माहीत होतं." मी विचारलं, मग काय करता आलं असतं? "मात्रा कमी करता आली असती. दुसरं औषध देऊन बघता आलं असतं." माहीत होतं, आये. फक्त तुझं बोलणं कुणाला खरं वाटलं नाही.

हे तुला पोचायचं नाही, तरी लिहिते. तू गोळ्या टाकल्यास याचा मला कधीच राग आला नाही. राग येतो तो रोज सकाळी, माझी कुठलीच गोळी मला त्रास देत नाही म्हणून.