अनामिक अठराचे श्रोते

ती. अक्का,

तुला साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाच अंगं टेकली, तीन पाठदुखीमुळे अधांतरी राहिली. तीही टेकली असं समज.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला गेला, की नुसता दबा धरून बसलाय? मी ठीक आहे, म्हणजे कुणी विचारलं तर ठीक आहे असं सांगण्याइतपत ठीक आहे. फोन न करता पत्र का लिहिलं याचं तुला नवल वाटेल. पण मी फोन केला की माझी लेक पिपाणी नेमकी तुझ्यासमोर जेवायला बसलेली असते, आणि तू नुसतं हं, हं, बरं, असं करत राहतेस. तीन वर्षांत तुझ्या हुंकारांचे सगळे प्रकार मला ओळखता यायला लागलेत. त्यातल्या एका लांबट हुंकाराचा अर्थ, पिपाणी ताटावरून उठून गेली, असा असतो. तेव्हा म्हटलं, पत्र बरं. आणि या पत्रात तिचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलंय. ती माझ्याशी बोलत नाही तर नाही. तुझ्या वरच्या खोलीत राहते, चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, दोन वेळा जेवते, एवढं मला पुरे आहे. (जेवते ना?)

हे पत्र माझ्या नव्या उद्योगाबद्दल आहे. अक्का, तुझा भाऊ एकसष्टाव्या वर्षी कलाकार झाला. तुला ठाऊकच आहे, मी चाळीस वर्षं लोकांचे अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करतोय. दुकान क्रमांक चार, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला ओल आलेली भिंत. फाटका भाता, अडकलेली पट्टी, उतरलेला सूर असं काहीबाही घेऊन लोक येतात, वाजवून दाखवतात, आणि मी गाणं सोडून फक्त बिघाड ऐकतो. पोटापाण्याचं कामच ते. हल्ली वाद्यं कमी झाली म्हणून शिकवण्याही घेतो. विद्यार्थी एकच, वय सहासष्ट, निवृत्त रोखपाल. आम्ही त्यांना लंबक म्हणतो (आम्ही म्हणजे मी आणि लाँड्रीवाल्या बाई), कारण त्यांचं डोकं सतत तालावर हलत असतं, फक्त तो ताल दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचा असतो. या लंबकांनी इंटरनेटवर सहा दिवसांचा फुकट वर्ग केला. विषय, संगीतकारांनी नवे श्रोते कसे मिळवावेत. बोटं अजून पाचव्या धड्यावर अडखळताहेत, पण दोनशे पानी वही भरून आली. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. उंट नाही म्हणून माझ्या स्टुलावर बसतो इतकंच.

त्यांनी मला समजावलं ते असं. आता माणसं गाणी शोधत नाहीत, गाणीच माणसं शोधतात. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये कोट्यवधी गाणी असतात आणि त्यांच्या मागे एक अल्गोरिदम बसलेला असतो. (लंबक त्याला आदराने यंत्र म्हणतात, मीही तेच म्हणतो.) कोण काय ऐकतं, कुठे कंटाळून सोडतं, काय पुन्हा लावतं, हे सगळं यंत्र टिपून ठेवतं, आणि मग एखाद्याने कधी न मागितलेलं गाणं, त्याच्या आवडीच्या गाण्यांच्या मागोमाग, अलगद त्याच्या कानाशी नेऊन सोडतं. म्हणजे ते गाणं कुणी पाठवलेलं नसतं? मी विचारलं. कुणीच नाही, ते म्हणाले. ज्याने वाजवलं त्यानेही नाही? त्यानेही नाही, आपोआप येतं. मी हातातला पेचकस खाली ठेवला आणि हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. लंबकांना वाटलं, गुरुजींना ऐकू कमी येतंय.

तर आम्ही एक चीज ध्वनिमुद्रित करायची ठरवली. लाँड्रीचं कपडे पिळायचं मशीन सुरू झालं की माझ्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाचतं, म्हणून लाँड्रीच्या सुट्टीचा दिवस धरला. दुकानातलं वाद्यांचं मोठं कपाट रिकामं केलं, आत गोधड्या टांगल्या, आणि अ‍ॅकॉर्डियन छातीशी घेऊन मी त्यात जाऊन बसलो. फोन धरून लंबक दारात. गुडघे बाहेर ठेवले तर दार लागेना, आत घेतले तर भाता उघडेना. शेवटी अर्धा मी आत आणि अर्धा बाहेर, असं वाजवलं. अठरा वेळा मोडलं. वाद्यामुळे नाही अक्का, माझ्यामुळेच. जरा बोट चुकलं की माझे हात आपोआप पट्ट्यांवरून उचलले जातात. चुकल्यावर पुढे जाणं मला येतच नाही. चौथ्या वेळेपासून लंबकांनी डोकं हलवणं सोडून दिलं, आणि बाराव्या वेळी ते दाराला टेकून उभ्या उभ्या झोपले. एकोणिसाव्या वेळी एकदाची ती तीन मिनिटं चाळीस सेकंदं पार पडली.

मग अर्ज भरायचा होता. कलाकाराचं नाव? माझं नाव टाकायचं नव्हतं (कारण विचारू नकोस), म्हणून अनामिक असं लिहिलं. तर कळलं की अनामिक नावाचे सतरा जण आधीच तिथे प्रसिद्ध आहेत. म्हणून मी अनामिक अठरा. पुढे विचारलं होतं, गाण्याची मनःस्थिती कोणती? खाली यादी: आनंदी, उत्साही, प्रेमळ, व्यायामाची, स्वयंपाकाची, अशा चोवीस. मला हवी होती ती त्यात नव्हती. मी अर्धा तास बघत बसलो, तेव्हा लंबकांनी वैतागून परस्पर शांत या शब्दावर बोट ठेवलं आणि अर्ज धाडून दिला.

या एका बोटाने काय केलं ते ऐक. पंधरा दिवसांत मला दोन हजार तीनशे श्रोते मिळाले. लंबक धापा टाकत दुकानात आले, लाँड्रीवाल्या बाईंनी हातातली इस्त्री ठेवून अभिनंदन केलं. एकही श्रोता मध्येच सोडून जात नाही, सगळे शेवटपर्यंत ऐकतात, असं आकडे सांगत होते. मला भरून आलं. मग एका बाईंचा निरोप आला. त्यांनी लिहिलं होतं की आम्ही दोघं कामावर गेलो की आमचा कुत्रा दिवसभर रडायचा, तुमचं वादन लावून गेल्यापासून गप्प पडून असतो, शतशः आभार. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मालक बाहेर गेल्यावर घरात एकट्या राहणाऱ्या जनावरांसाठी एक यादी असते, आणि यंत्राने मला तिच्यात नेऊन बसवलं होतं. गाढवापुढे गीता वाचण्याची वेळ लोकांवर येते, मला कुत्री लाभली. हसू नकोस. मी पण आधी हसलो. मग संध्याकाळी घरी आलो, कुलूप काढलं, दिवा लावला, आणि त्या कुत्र्याला काय वाटत असेल ते मला फार चांगलं कळलं. त्याच्याकडे निदान कुणीतरी सहा वाजता परत येतं.

लंबक म्हणाले, यंत्राचा गैरसमज झालाय, तो दूर करायला माणसांनी ऐकायला हवं, नातेवाइकांना कळवा. इथे आपल्या भावोजींचा प्रवेश होतो. त्यांनी तुला सांगितलं नसेल, पण त्यांनी माझ्या प्रेमापोटी कचेरीतले पाच फोन घेतले, आवाज पूर्ण बंद केला, आणि माझं वादन दिवसभर गोल गोल फिरवत ठेवलं. चार दिवसांत तुमच्या गावात साडेनऊशे वेळा. पाचव्या दिवशी मला कंपनीचं पत्र आलं की तुमचे हे श्रोते खोटे आहेत, पुन्हा असं झाल्यास वादन काढून टाकू. ज्यांच्यासोबत गेली पस्तीस वर्षं मी दर सणावाराला जेवलो त्यांना खोटं ठरवणारं पत्र. भावोजींनी फोनवर शपथ घेतली की यापुढे ते मला ऐकणार नाहीत. अ‍ॅपमधला तुमच्या गावापुढचा आकडा शून्यावर आला.

आता लंबकांच्या वहीतला पहिला नियम सांगतो. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. नियम असा की ऐकणारा तीस सेकंदांच्या आत उठून गेला, तर ते ऐकलं असं धरतच नाहीत. म्हणून सुरुवातीची लांबण काढा, असं ते म्हणत होते. मी मात्र त्या तीस सेकंदांवरच अडकलो. त्यांना घरी पाठवलं आणि दुकान लवकर बंद केलं. अक्का, तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू वाचनालयाच्या सभागृहात पहिल्या रांगेत होतीस, तुला सांगायला नको. पिपाणीचं पहिलं गाणं. दीडशे माणसं. दुसऱ्या ओळीत तिचा सूर केसभर उतरला. माझ्याशिवाय कुणालाही कळलं नसतं. आणि मी पट्ट्यांवरचे हात उचलले, साथ थांबवली, आणि माइकमध्ये म्हणालो, "सूर उतरलाय. पहिल्यापासून घे." तिने माइक खाली ठेवला, चपला घातल्या आणि ती गेली. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. मी घड्याळ लावून मोजलं. बावीस सेकंदं. ज्याला ना कान ना काळीज, ते यंत्रसुद्धा परक्या माणसाला तीस सेकंदं देतं. मी पोटच्या पोरीला बावीस दिली.

घर सोडून तुझ्याकडे यायला निघाली तेव्हा ती काय म्हणाली ते मी तुला कधी सांगितलं नाही. "बाबा, तुम्हाला गाणं ऐकू येत नाही. फक्त चुका ऐकू येतात." मला राग आला होता. आता वाटतं, दुकानाच्या पाटीवर हेच लिहायला हवं होतं.

असो. विषय काढणार नव्हतो, निघाला. गुडघ्याला शेक घेत जा, भावोजींना माझा नमस्कार आणि शपथेची आठवण. लिहिण्यात कुठे सूर उतरला असेल तर न थांबता पुढे वाच.

तुझा,
ढब्या

ता. क. एक बारीकसं काम आहे. पिपाणी वरच्या खोलीत कुठली गाणी लावते, त्यांची नावं मला लिहून पाठवशील का? जिन्यात उभी राहून ऐकलीस तरी चालेल, गुडघ्याला विश्रांती म्हण. लंबक म्हणतात, यंत्र ज्याच्या त्याच्या आवडीच्या वाटेनेच जातं. तिला काय आवडतं तेच मला ठाऊक नाही. वीस वर्षं एका घरात राहून विचारलं नाही. माझा फोन ती घेत नाही, पत्र पाठवलं तर पाकीट न फोडता परत येतं. पण कुणीच न पाठवलेली वस्तू ती परत कुणाला करणार?

आणखी एक ता. क. वाजवलंय ते तेच गाणं. म्हणजे गाणं नव्हे, नुसती साथ, तिच्या पट्टीत. लंबक पहिल्यापासून विचारताहेत, गुरुजी, यात गाणारा कुठे आहे? मी सांगतो, येईल. दुसऱ्या ओळीला भाता जरा सावकाश ओढलाय, गाणाऱ्याला सावरायला जागा मिळावी म्हणून. आणि अडीच मिनिटांच्या सुमारास माझं बोट चक्क चुकलंय. लंबक म्हणाले, फोनवर ते पुसता येतं. मी नको म्हटलं. एकोणिसाव्या वेळी मी चुकलो आणि थांबलो नाही, एवढंच तर तिला ऐकवायचंय.

शेवटची ता. क. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाकीट चिकटवताना राहवलं नाही. अ‍ॅपमध्ये गावागणिक आकडे दिसतात. तुमच्या गावापुढे गेल्या अकरा दिवसांपासून शून्याच्या जागी एक दिसतोय. एकच श्रोता, रोज एकदा, शेवटपर्यंत. भावोजी शपथ मोडणारे नाहीत, आणि तुमच्याकडे कुत्रा नाही. मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो एक बघतो आणि मग कुलूप काढतो. अक्का, तो एक तू असशील, तर मला कळवू नकोस.