शेराचं कुंपण

छावणी, औरंगाबाद
कार्तिक शुद्ध ४, शके १८५५

तीर्थरूप दादांचे सेवेशी,
रामकिसनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. औरंगपुऱ्यातलं कापडदुकान बरं चाललं आहे, आणि मी आता बागाईतदार झालो आहे. हसू नका. घरामागचा पडीक तुकडा घरमालकानं मला लावून दिला. माणूसभर घाणेरी, त्यात निवडुंग. सुट्टीच्या दिवशी कुऱ्हाड घेऊन उतरलो आणि दिसेल ते तोडत सुटलो. निवडुंगाचा ढीग पेटवला, तर आतून घोणस निघाली. ती मेल्यावरही मी तिला ठेचत होतो. सरूनं ओढलं तेव्हा थांबलो. खरं सांगतो, कापड मोजून विटलेल्या हातांना लई बरं वाटलं.

आता शेजारच्या मजीदचाचांचं शेराच्या झाडांचं कुंपण राहिलं. चाचा पलटणीच्या घोड्यांची खोगिरं शिवतात. त्यांचं कुंपण चार हात माझ्यात घुसलंय. काल बोललो, तर म्हणाले की त्याला हात लावू नको, पस्तावशील. मला धमकी! बघतोच आता. वहिनींना नमस्कार. लोभ आहे तो वाढता ठेवावा.

आपला,
रामकिसन

पाचोड
कार्तिक शुद्ध ११

चि. रामकिसन यास पुंजारामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भावजींनी घाणेरीवर राग काढला ते बरं, सरू वाचली. मला हसू आलं नाही. लहानपणी तू सांडूच्या कपाळात दगड घातलास, ती खोक अजून दिसते. परवा बाजारात भेटला, बिचारा तुझीच खुशाली विचारत होता.

कुंपण वाढणारच. त्यावरून म्हाताऱ्या माणसाशी भांडू नको, त्यालाच विचारून छाट. निवडुंगाचं एक कांडंही मागं ठेवू नको, पुन्हा फुटतं. मेथीचं बी पाठवतो. वडीलकीनं लिहिलं, राग नसावा.

तुझा,
पुंजाराम

छावणी, औरंगाबाद
कार्तिक वद्य २

तीर्थरूप दादांचे चरणी सरूचा साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, पण ह्यांना सध्या लिहिता येत नाही म्हणून मी लिहिते. आपलं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी व्हायचं ते होऊन गेलं. हे कुंपण तोडायला लागले. मजीदचाचा कुऱ्हाड धरायला धावले. ह्यांनी दांड्यानं त्यांचा उजवा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला. म्हातारा माणूस खाली कण्हत पडलेला, आणि हे घाव घालतच राहिले. शेराचा चीक दोन्ही डोळ्यांत उडाला. मग चाचांपेक्षा मोठ्यानं हेच ओरडले.

चाचा त्यासाठीच नको म्हणत होते. आपल्या पाचोडचं शेंबडं पोरही शेर तोडताना तोंड फिरवतं, आणि हे रागात तेही विसरले!

डॉक्टरांनी डोळे धुतले, पण नजर राहील याची खात्री नाही म्हणाले. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईचं दूध घाला. जवळपास अशी एकच, चाचांची सून अजरा. कोणत्या तोंडानं जाणार? पण गेले. चाचा मोडका हात गळ्यातल्या झोळीत घालून बसले होते. माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाले, दे. ती रोज लेकराला पाजायच्या आधी वाटी भरते. मला ह्यांची कीव येते, आणि ह्यांना बडवावंसंही वाटतं. मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

आपली,
सरू

छावणी, औरंगाबाद
मार्गशीर्ष शुद्ध ५

तीर्थरूप दादांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठं झालंय, समजून घ्या. उजव्या डोळ्यानं स्वच्छ दिसतं, डाव्यापुढं धुकं आहे. काल चाचांकडे माफी मागायला गेलो. अजरा दाराआड होती, तिला वाकून नमस्कार केला.

चाचांनी विचारलं, दिसतं का. मी हो म्हणालो. तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. खुंटीवर काय टांगलंय, खोगिराला कोणत्या रंगाचे टाके आहेत, सगळं विचारून घेतलं. मी बरोबर सांगितलं. मग म्हणाले, दूध दयेपोटी दिलं असं समजू नको. आंधळ्यावर हात टाकायचा नाय असं बापानं शिकवलंय, म्हणून थांबलो होतो. आणि कोपऱ्यातली काठी डाव्या हातानं उचलली.

तुम्ही मला ओळखता दादा. पण माझा हात उठला नाही. त्या काठीनं माझा डावा खांदा निखळला. चाचाच धापा टाकत खाली बसले आणि अजराला म्हणाले, याला पाणी दे. सरू विचारते, खांदा दुखतो का. दुखतो. पण काठी येताना मला अगदी स्पष्ट दिसली, आणि दिसली म्हणूनच मला रडू फुटलं.

माझ्यासारख्यावरही माया असू द्या.

आपला,
रामकिसन