स्वच्छ असा शेरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

कॅन्सरच आहे! मोठ्या आतड्यात, उजवीकडे. तीन वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात नळी घालून तपासलं होतं — शेरा ‘स्वच्छ’. ते पत्र माझ्या नवऱ्याने, फिंटनने, तेव्हा कौतुकाने फ्रिजवर लावलं होतं. आज काढून खिशात घातलं.

६ फेब्रुवारी

टूही नावाच्या डॉक्टर भेटल्या. तेव्हा त्यांनीच तपासलं होतं. टेबलाआड बसल्या नाहीत, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. “मिसेस हेरटी, तुमचे जुने फोटो मी काल पुन्हा पाहिले. एका वळणावर आतडं साफ नव्हतं. मी तुम्हाला परत बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं. चुकलं माझं.”

‘असं होतं कधीकधी’ वगैरे काही नाही! माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. शाळेत सिस्टर असम्प्टा सांगायची, चूक कबूल करताना बुटांकडे बघू नका. आम्ही चाळीस मुली, सगळ्या बुटांकडेच बघायचो. ही माझ्याकडे बघत होती.

गाडीत फिंटन — “डोळे काय घरी ठेवून आली होती ती? कोर्टात खेचतो!”

“आधी रस्त्याकडे बघ.”

“तू ना मोइरा, चोराला बसवून चहा पाजशील!”

मग सिग्नलला माझा हात धरून बसला. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

३ मार्च

गाठ निघाली. पसरलेली नाही! शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर टूही दारात उभ्या. त्यांची आज सुट्टी होती म्हणे.

११ मार्च

टाके काढले. नर्स हळूच म्हणाली, “त्या हल्ली जरा शंका आली की पेशंटला परत बोलावतात. यादी लांबते, वरचे ओरडतात. बाई ऐकतील तर शपथ!” मला उगाच अभिमान वाटला, आपलीच कोणी असल्यासारखा.

१४ मार्च

फिंटनने वकिलाकडून कागद आणला. निष्काळजीपणा. खाली डॉक्टर टूहींचं पूर्ण नाव. “तू फक्त सही कर, राणी. बाकी मी बघतो.”

१५ मार्च

सही केली नाही. तीन वर्षांपूर्वी, तपासणीच्या त्या सकाळी, पोट साफ करायच्या औषधाचं दुसरं लिटर मी सिंकमध्ये ओतलं होतं. नर्सने विचारलं, “सगळं प्यालात ना?” मी हो म्हटलं. फिंटन बागेतून आत येतोय. सांगते.